खांब, तुळई आणि लोकांचा राबता

बदलापूरच्या बंधाऱ्यावर अडणारं उल्हास नदीचं पाणी ज्या डोंगरांतून येतं, त्या राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाण्याची लेणी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीची. कर्जतहून कोंदिवड्यापर्यंत रस्ता आहे, पुढे रानातली चढण. चैत्यगृहासमोर उभं राहिलं की आधी डोळ्यांत भरते ती भली मोठी कमान. मग हळूहळू लक्षात येतं, की छिन्नी पाथरवटाची असली तरी डोकं सुताराचं आहे. वाशांची टोकं, सज्जे, कठडे, जाळ्या असं लाकडी घर बांधताना जे जे करावं लागतं, ते सगळं इथे कातळात उतरवलं आहे. दगडाला त्यातल्या कशाचीच गरज नव्हती. घाटावर भाज्याच्या चैत्यगृहातले खांब आतल्या बाजूला कललेले आहेत, कारण छपराचा रेटा पेलायला लाकडी खांब असेच तिरके रोवत. भाज्याच्या आणि कार्ल्याच्या छतांना तर खऱ्याखुऱ्या लाकडी फासळ्या बसवलेल्या आहेत आणि त्या अजून जागेवर आहेत. कार्ल्याच्या दारापाशी एक छोटा ब्राह्मी लेख आहे. धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुतारानं हे दार घडवलं, एवढंच तो सांगतो. राजांची आणि व्यापाऱ्यांची नावं कोरलेल्या त्या भिंतींवर एका सुताराचं नाव असावं, ही फार मोलाची गोष्ट आहे.

या पट्ट्यात लाकडाला तोटा नव्हता. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्यानं पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. कल्याणहून तांबं-पितळ, कापड आणि शिसवीचे ओंडके बाहेर जातात, असं त्यानं नोंदवलं आहे. १६५७ साली कल्याण-भिवंडी ताब्यात आल्यावर शिवाजी महाराजांनी आरमाराच्या जहाजबांधणीला हात घातला तोही याच खाडीच्या आधारानं. पुढ्यात भरतीचं पाणी आणि पाठीमागे सागाचं रान, असा तो योग होता. दोन शतकांनी आगगाडी आली. १८५४ साली कल्याणपर्यंत आणि १८५६ साली बदलापूरवरून पुढे खोपोलीपर्यंत. रुळांखालच्या स्लीपरांनी रानं खाल्ली, आणि त्याच रुळांवरून पुढे ब्रह्मदेशी साग आणि मंगलोरी कौलं गावोगाव पोहोचली. अंबरनाथमध्ये १९२० च्या दशकात आगपेट्यांचा विमको कारखाना निघाला, तोही मुळात लाकडाचाच धंदा.

तरीही या परिसरात जुनं म्हणून जे दाखवलं जातं ते दगडाचं. अंबरनाथचं शिवमंदिर १०६० सालचं, शिलाहारांच्या काळातलं. ते केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे आणि असायलाच हवं. पण त्या मंदिरात दर्शनाला येणारी माणसं ज्या घरांत राहत होती त्यांतलं एकही उरलं नाही. अलीकडच्या दोन-अडीचशे वर्षांतली लाकडी खांबांची घरं मात्र अजून काही ठिकाणी तग धरून आहेत. बदलापूर गावात, कल्याणच्या जुन्या वस्तीत. त्यांचं काय करायचं, हा प्रश्न पुढच्या काही वर्षांत आपोआप सुटेल, कारण घरंच राहणार नाहीत. तसं व्हायला नको असेल, तर घाट चढून पुण्याला जावं लागतं. लाकडी वाडा लोकांच्या उपयोगात ठेवून कसा जगवता येतो, याचं मराठी मुलुखातलं सगळ्यात लांब पल्ल्याचं उदाहरण तिथे भर रस्त्यावर उभं आहे.

विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावानं बांधला. काम सुमारे सहा वर्षं चाललं, खर्च दोन लाख रुपयांच्या घरात गेला आणि १८०७ साली वाडा राहता झाला. शनिवारवाडा असताना पेशव्याला दुसरं घर कशाला हवं होतं, याची कारणं इतिहासकार देतात. त्या जुन्या वाड्यातल्या नारायणरावाच्या खुनाची आठवण त्यांत येतेच. बाजीराव इथे अकरा वर्षं राहिला. १८१८ मध्ये राज्य गेलं, तो बिठूरला गेला आणि वाडा इंग्रजांच्या हाती आला.

इथून पुढे वाड्याचा खरा इतिहास सुरू होतो, असं म्हटलं पाहिजे. पेशव्याची अकरा वर्षं हा दोनशे वर्षांतला छोटासा तुकडा आहे. बाकीचा सगळा काळ ही इमारत कुठल्या ना कुठल्या सार्वजनिक कामाला जुंपलेली आहे. ऑक्टोबर १८२१ मध्ये कमिशनर चॅप्लिन यांनी इथे संस्कृत पाठशाळा सुरू केली. पेशव्यांच्या काळात विद्वान ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या निधीतून तिचा खर्च भागवला गेला. कृष्णशास्त्री चिपळूणकर याच पाठशाळेत शिकले. १८५१ मध्ये ही पाठशाळा आणि इंग्रजी शाळा एकत्र करून पूना कॉलेज झालं. मोल्सवर्थच्या कोशाच्या कामात ज्यांचा मोठा वाटा होता ते मेजर कँडी त्याचे प्रमुख होते. तेच कॉलेज पुढे डेक्कन कॉलेज म्हणून १८६८ मध्ये येरवड्याच्या दगडी इमारतीत गेलं. वाड्यात शाळा राहिली, सरकारी कचेऱ्या राहिल्या.

मग आग लागली. १८७९ च्या मे महिन्यात एकाच रात्री बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा पेटले. वासुदेव बळवंत फडके यांचं बंड तेव्हा ऐन भरात होतं, त्यामुळे संशय लगेच तिकडे गेला. पुढे सरकारी पुस्तकांच्या डेपोतल्या एका कारकुनावर गुन्हा शाबीत झाला. बुधवारवाडा संपला. आज त्याची आठवण फक्त चौकाच्या आणि पेठेच्या नावांत आहे. विश्रामबागवाड्याचा पूर्वेकडचा भाग जळाला, पण उरलेला वाचला, आणि जळालेला भाग लोकांच्या वर्गणीतून पुन्हा उभा राहिला.

म्हणजे आज ज्याला आपण मूळ पेशवाई वाडा म्हणतो, त्याचा एक मोठा हिस्सा एकोणिसाव्या शतकातल्या पुणेकरांनी पैसे घालून पुन्हा बांधलेला आहे. काही जाणकारांना हे गैरसोयीचं वाटतं. खरं तर हीच त्या इमारतीची सगळ्यात मोठी मिळकत आहे. राज्य गेलेलं, राजा परागंदा, आणि तरीही गावानं ठरवलं की हे घर आपलं आहे. शनिवारवाड्याच्या नशिबी ते आलं नाही. १७३० मध्ये पाया घातलेला, जुन्नरच्या रानातला साग, चिंचवडच्या खाणीतला दगड आणि जेजुरीचा चुना वापरून बांधलेला तो वाडा २७ फेब्रुवारी १८२८ ला पेटला आणि कित्येक दिवस जळत राहिला. आत जोती उरली, बाहेर तट उरला. त्याला वापरणारं, त्यावर हक्क सांगणारं गावातलं कुणी तेव्हा नव्हतं.

विसाव्या शतकाच्या मधल्या दशकांत विश्रामबागवाड्यात पुण्याच्या नगरपालिकेचा, पुढे महापालिकेचा कारभार चालला. पाणीपट्टी भरायला, दाखले काढायला माणसं त्या सुरूच्या आकाराच्या खांबांमधून ये-जा करत होती. पालिका शिवाजीनगरच्या नव्या इमारतीत गेल्यावरही टपाल कचेरी आणि इतर कार्यालयं तिथे राहिली. या काळात वाड्याचे हालही झाले. खोल्या पाडायला पार्टिशन्स घातली गेली, कोरीव लाकडावर ऑइलपेंटचे थरांवर थर चढले, विजेच्या तारा वाटेल तशा खिळ्यांनी ठोकल्या गेल्या. पण छप्पर गळलं तर तक्रार करणारं कुणीतरी आत बसलेलं होतं, हे विसरता येत नाही. महापालिकेनं स्वतंत्र वारसा कक्ष उभा केला आणि २००० नंतरच्या दशकात वाड्याचं जतन टप्प्याटप्प्यानं हाती घेतलं. ‘पुनवडी ते पुण्यनगरी’ हे शहराच्या इतिहासाचं प्रदर्शन तिथे मांडलं गेलं. रस्त्यावरून दिसणारी, कोरीव कामानं भरलेली लाकडी मेघडंबरी पुन्हा मोकळी झाली.

असं काम नेमकं होतं कसं, हे समजायला वाड्याचा सांगाडा समजून घ्यावा लागतो.

आधी दगडी जोतं. त्यावर खांबांच्या जागी दगडी तळखडे. तळखड्यावर सागाचा खांब, खांबाच्या माथ्यावर दोन्ही बाजूंना हस्त, हस्तांवर तुळई, तुळईवर आडव्या कड्या, कड्यांवर पाट. पाटावर मातीचा थर आणि वर सारवलेली किंवा फरशीची जमीन. दोन खांबांमधला गाळा म्हणजे खण. घर केवढं ते खणांत सांगत. बाहेरच्या जाड भिंती थोडा भार घेतात, पण आतला सगळा बोजा तुळया आणि खांबांवरून जोत्यात उतरतो. भिंती बहुतेक वेळा खाली दगडाच्या, वर विटांच्या किंवा पांढऱ्या मातीच्या भेंड्यांच्या. सांधे खाच आणि कुसवाचे, वर लाकडी खुंटी मारलेली. लोखंड जवळजवळ नाहीच. याचा अर्थ असा, की जे खुंटी मारून जोडलं ते खुंटी काढून सोडवताही येतं.

खांब जमिनीत पुरलेला नसतो, ही यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट. तो तळखड्याच्या उथळ खोबणीत नुसता टेकलेला असतो. त्यामुळे जमिनीची ओल थेट लाकडात चढत नाही, आणि जमीन हलली तर खांबाला जरासं हलायला वाव मिळतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात सुमारे ८,००० माणसं गेली, ती बहुतांशी जाड दगडमातीच्या भिंती आणि वरचे मातीचे भारी थर अंगावर येऊन. पण पाहणी करणाऱ्यांना अनेक गावांत असंही दिसलं, की भिंती बाहेर ढासळल्या आहेत आणि लाकडी खण मात्र उभेच आहेत. पाण्याच्या बाबतीत मात्र वाडा हळवा असतो. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत मातीच्या भिंती तासाभरात विरघळल्या आणि घरंच्या घरं खाली बसली.

सागाचा गाभा तसा चिवट. त्यातल्या नैसर्गिक तेलामुळे वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही, आणि जाड तुळई पेटली तरी वरचा कोळशाचा थर आतल्या लाकडाला काही काळ सांभाळतो. वाडा पडतो तो बहुतेक वेळा दोन जागी कुजून. एक खांबाचा तळ, दुसरी भिंतीत शिरलेली तुळईची टोकं. एखादं कौल फुटतं, पाणी भिंतीत मुरतं, टोक ओलं राहतं आणि बुरशी धरते. बाहेरून काही दिसत नाही. किंकरं टोचून पाहिलं तर ते सरळ आत जातं. गेल्या पन्नास-साठ वर्षांत यात सिमेंटची भर पडली. जुना चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडत असे. सिमेंटचा गिलावा ती आत कोंडून ठेवतो. खांबाच्या तळाशी लादी बसवताना कडेनं सिमेंट भरलं, की तळखड्याचं सगळं शहाणपण वाया जातं. चांगल्या हेतूनं केलेल्या डागडुजीनं जितके वाडे घालवले तितके दुर्लक्षानंही घालवले नसतील.

म्हणून जतनाच्या कामाची सुरुवात हातोड्यानं करायची नसते, मोजपट्टीनं करायची असते. प्रत्येक खांब, तुळई, कडी यांचा नकाशा काढून त्यांना क्रमांक द्यायचे. मग टेकू. कुजलेल्या खांबाच्या दोन्ही बाजूंनी तुळईखाली आधार उभे करायचे आणि जॅक लावून तुळई केसभर उचलायची, फक्त खांबावरचा भार सुटेल इतकीच. जास्त उचललं तर वरच्या मजल्याच्या भिंतीला तडे जातात. मग खांबाचा कुजलेला तळ कापायचा, पण आडवा नाही. वरच्या चांगल्या लाकडात तिरका, पायरीदार सांधा कोरायचा आणि त्याच मापाचा नवा तुकडा खालून असा चढवायचा की दोन्ही पृष्ठभाग पूर्ण टेकतील. खुंट्या मारायच्या, गरज पडली तर न गंजणारे बोल्ट. ओळंबा धरून खांब सरळ असल्याची खात्री करायची आणि जॅक हळूहळू सोडायचा. तुळई खाली बसताना लाकूड कुरकुरतं. तो आवाज बरोबर आहे की नाही हे जुन्या मिस्त्रीला कळतं, नकाशावाल्याला कळत नाही. वाकस, पटाशी आणि रंध्यावर असा हात बसलेले सुतार आता कमी उरले आहेत, आणि निविदेच्या दरपत्रकात त्यांच्या कामासाठी नीटसा रकानाही नसतो. कोरीव हस्तावरचा ऑइलपेंट उतरवायला, केळफुलाच्या पाकळ्या एकेक करून मोकळ्या करायला जो वेळ लागतो, तो चौरस फुटांच्या हिशोबात बसत नाही. रंग उतरला की लाकडाला जवसाचं तेल पाजतात आणि भिंतीला पुन्हा चुना. पूर्वी त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी घालत, आणि जतन करणारे वास्तुविशारद आज पुन्हा तेच घालतात.

लाकूड आणायचं कुठून, हा वेगळाच पेच आहे. लागवडीचा कोवळा साग गाभ्यानं कमी असतो आणि लवकर वाकतो. जुन्या वाड्याला शोभेल असा, पुरता मुरलेला साग मिळतो तो जुन्या बाजारात, म्हणजे पाडलेल्या दुसऱ्या वाड्यांतून आलेला. मुंबईत ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात असे खांब, दरवाजे, महिरपी विकायला उभ्या असतात. हॉटेलवाले आणि फार्महाऊसवाले त्यांना चांगली किंमत देतात. ज्याला दुरुस्तीसाठी तीन कड्या हव्यात तो त्या भावाला पुरत नाही. वाडा पाडणाऱ्याला लाकडाचे पैसे मिळतात, राखणाऱ्याला लाकडाचा खर्च येतो. हे गणित उलटं फिरवल्याशिवाय नुसत्या आवाहनांनी काही होणार नाही. पाडकामातून निघणारं सागवान पालिकेनंच घेऊन गोदामात ठेवावं आणि सार्वजनिक इमारतींच्या दुरुस्तीला वापरावं, इतकं साधं पाऊलही उपयोगी पडेल.

सांगाडा सोडवता येतो या गुणाचा टोकाचा उपयोगही झालेला आहे. पुण्यातच राजा दिनकर केळकर संग्रहालयात मस्तानी महाल आहे. कोथरूडला मस्तानीसाठी बांधलेल्या वाड्याचे मोडकळीला आलेले लाकडी भाग दिनकर केळकरांनी आणले आणि संग्रहालयात ते पुन्हा जोडून दालन उभं केलं. खांब, महिरपी, छत सगळं लाकडाचं, म्हणूनच ते हलवता आलं. जपानमध्ये तर ही रीतच आहे. नाराजवळचं होर्यूजी मंदिर सातव्या शतकातलं, जगातल्या सगळ्यात जुन्या लाकडी इमारतींपैकी एक. तिथे मोठ्या दुरुस्तीच्या वेळी इमारत तुकड्या-तुकड्यानं उतरवतात, कुजलेलं तेवढं बदलतात आणि पुन्हा रचतात. विसाव्या शतकात अशीच दुरुस्ती चालू असताना, २६ जानेवारी १९४९ ला तिथल्या मुख्य मंडपाला आग लागली. भिंतीवरची अमोल चित्रं होरपळली. पण वरचा मजला आणि छप्पर आधीच उतरवून बाजूला ठेवलेलं होतं, ते वाचलं. त्या आगीनंतर पुढच्याच वर्षी जपाननं सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचा कायदा केला.

आपल्याकडे कायदा वाड्यांच्या विरुद्ध गेला, तो वेगळ्याच कारणानं. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी गोठली. भाडेकरूंना त्याची गरज होती, यात शंका नाही. पण महिन्याला काही रुपयांच्या भाड्यात मालकानं तुळया कशा बदलायच्या, याचं उत्तर त्या कायद्यात नव्हतं. मालकाच्या पुढच्या पिढ्यांत वारसदार वाढले, भाडेकरू हलले नाहीत, आणि छप्पर गळत राहिलं. नंतर चटईक्षेत्र वाढलं आणि वाड्यापेक्षा त्याखालची जमीन महाग झाली. पुण्या-मुंबईत हे आधी झालं, मध्य रेल्वेच्या मार्गावर कल्याणच्या पुढे थोडं उशिरा. वसई-विरारप्रमाणेच अंबरनाथ-बदलापूरही मुंबई न परवडल्यानं बाहेर ढकललेल्या माणसांचं घर झालं. त्या माणसांना छप्पर हवं होतं आणि त्यासाठी बिल्डरला जागा हवी होती.

उल्हासनगरची कथा त्याहून निराळी, आणि या विषयाच्या दृष्टीनं फार बोलकी. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करानं तात्पुरती छावणी उभारली. २,००० हून अधिक बराकी. युद्ध संपलं, फाळणी झाली आणि सिंधमधून आलेली कुटुंबं त्या बराकींत राहायला आली. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. सैनिकांना काही महिने झोपायला बांधलेल्या लांबलचक इमारतींत माणसांनी आडव्या भिंती घातल्या, माळे काढले, दुकानं थाटली, शाळा भरवल्या. कुठल्याही वास्तुविशारदाशिवाय झालेलं हे सार्वजनिक पुनर्वापराचं केवढं तरी मोठं काम आहे. उल्हासनगरात फर्निचरचा बाजार भरभराटीला यावा, हेही या उभारणीच्या इतिहासाला साजेसंच. पण त्या बराकींचं मूळ रूप आता शोधून काढावं लागतं. एक बराक जरी नीट मोजून, दुरुस्त करून, तिथल्या पहिल्या पिढीच्या आठवणींसाठी आणि वाचनालयासाठी खुली ठेवली, तर शहराला स्वतःच्या जन्माचा एक पुरावा हातात राहील. ती दिसायला देखणी नसेल. विश्रामबागवाड्याच्या मेघडंबरीइतकीच ती जपण्यासारखी आहे.

कल्याणात सुभेदारवाडा आहे. पेशवाईतले कल्याणचे सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांचा. महडच्या वरदविनायकाच्या मंदिराशीही त्यांचंच नाव जोडलेलं आहे. सुभेदार गेले, पुढे त्या जागी शाळा भरू लागली आणि वाड्याचं नाव शाळेलाच लागलं. तिथला सार्वजनिक गणेशोत्सव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनचा. सत्ताधाऱ्याचं घर गावाचं कसं होतं, याचं हे घाटाखालचं उदाहरण. पुण्यातही नाना फडणवीसांच्या १७८० च्या वाड्यात महापालिकेची शाळा भरत असे आणि आता तिथे संग्रहालय आहे. शाळा, वाचनालय, पालिका, उत्सव, संग्रहालय अशी मोजकीच कामं आपल्या वाड्यांच्या वाट्याला आली आणि तेवढ्यांनी त्यांना जगवलं.

ही सगळी कामं लाकडी मजल्याला सारखीच झेपतात असं मात्र नाही, आणि बदलापूर किंवा अंबरनाथमध्ये एखादा कौलारू वाडा सार्वजनिक उपयोगासाठी घ्यायचा ठरला तर पहिला हिशोब इथेच करावा लागेल. राहत्या घराच्या मजल्यावर चौरस मीटरमागे साधारण २०० किलो भार धरायचा असं भारतीय मानक आहे. खुर्च्या पक्क्या न बसवलेल्या सभागृहासाठी तो सुमारे ५०० होतो आणि पुस्तकांच्या घोड्यांनी भरलेल्या ग्रंथालयाच्या खोलीसाठी ६०० किंवा त्याहून जास्त. माडीवर व्याख्यानाला दोनशे माणसं बसवायची आणि भिंतीकडेनं कपाटं लावायची, हा बेत घराच्या मापानं घातलेल्या कड्यांना पेलणार नाही. म्हणून पुस्तकं जोत्यावर, थेट जमिनीवर. माडीवर अभ्यासिका, मोजक्या बाकांची. सभा चौकात. १८६४ पासून चालत आलेलं कल्याणचं सार्वजनिक वाचनालय ज्या भागात आहे, तिथे अभ्यासिकेला मुलं मिळणार नाहीत अशी भीती बाळगायचं कारण नाही. घरात दाटीनं राहणाऱ्या, लोकलमध्ये दोन-दोन तास घालवणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांना शांत बाक हवाच असतो.

स्वच्छतागृहं मुख्य सांगाड्यात नकोत. ती मागच्या परसात, स्वतंत्र पायावर, म्हणजे नळ गळला तरी ओल खांबापर्यंत येणार नाही. विजेचा मुख्य फलकही बाहेर, आणि तारा लाकडावर न ठोकता धातूच्या नळीतून. भिंतीतला जुना अरुंद जिना राखायचा, पण तो एकटा पुरत नाही. आग लागली तर उतरायला मागच्या बाजूनं दुसरा, लोखंडी, सांगाड्याला धक्का न लावणारा. ओट्याशी उतार, चाकाच्या खुर्चीसाठी. आणि पालिकेच्या अंदाजपत्रकात दर वर्षी शाकारणीची वेगळी तरतूद, जिचं काम मे महिन्यातच संपायला हवं. कौलं उतरवून झाडायची, फुटकी बदलायची, पन्हळी साफ करायच्या. त्याच वेळी माळ्यावर चढून तुळयांची भिंतीत शिरलेली टोकं किंकऱ्यानं तपासायची आणि नकाशावरच्या क्रमांकांपुढे तारखेसह नोंद करायची. या कामाची निविदा फेब्रुवारीत निघाली तर पहिल्या पावसाआधी छप्पर तयार असतं. एप्रिलअखेर निघाली तर प्लास्टिकच्या ताडपत्रीवर भागवावं लागतं, आणि त्या वर्षी तुळयांची तपासणी होत नाही.